केळी, कापूस आणि ठिबकची नळी : मुलांसाठी घरच्या घरी पॉलिमरचे प्रयोग

रावेर, यावल, सावद्याकडची कच्ची केळी रायपनिंग चेंबरमध्ये ज्या वायूने पिकवतात, तो इथिलीन. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, एवढाच त्याचा रेणू. हेच रेणू कारखान्यात हजारोंच्या संख्येने एकमेकांना जोडले की पॉलिइथिलीन तयार होतं (लहान रेणू जोडून झालेल्या अशा लांब साखळीला पॉलिमर म्हणतात), आणि त्याच केळीच्या बागेत अंथरलेली ठिबकची काळी नळी पॉलिइथिलीनचीच असते. केळ्याच्या गरातला स्टार्च आणि बोंडातल्या कापसाचा सेल्युलोज हेही पॉलिमरच. दोन्ही ग्लुकोजच्या लांब साखळ्या आहेत, फक्त कड्या जोडण्याची पद्धत वेगळी. तेवढ्या फरकामुळे एक आपल्याला पचतो आणि दुसऱ्याचं कापड विणता येतं.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घरांत हे सगळं हाताशी असताना महागडं ‘सायन्स किट’ आणायची गरज नाही. खालचे प्रयोग साधारण आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहेत आणि प्रत्येक प्रयोगात एक मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं. एक गोष्ट मात्र सोडू नका : प्रत्येक प्रयोग किमान दोनदा करायचा आणि दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणी बदललं तर बाकी सगळं तेच ठेवायचं. एकदाच करून टाळ्या वाजवल्या तर मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

आधी हे जमवा

अर्ध्या किंवा एका ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, सुई नसलेली ५ आणि १० मिलीची सिरिंज, काचेचे किंवा स्टीलचे चार सारखे ग्लास, जुनं सुती फडकं, डोळ्यांवर लावायला साधा बंद चष्मा आणि एक वही. काटा नसेल तर सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात (५ मिली) खायचा सोडा सुमारे ५ ग्रॅम आणि टाकणखाराची (बोरॅक्सची) पूड सुमारे ४ ग्रॅम बसते. चमचा शीग लावून भरला की माप चुकलंच म्हणून समजा. पातेली आणि चमचे प्रयोगाचे वेगळे ठेवा, त्यांवर तेलकट रंगाची खूण करा आणि ती पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

सुरक्षेचे नियम खान्देशातल्या घरांना धरून सांगतो. फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी प्रयोगाला घ्यायची नाही. शेतावरचं मोरचूद, युरिया आणि इतर खतं मुलांच्या हाती द्यायची नाहीत. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे हे दोन्ही या कामातून पूर्ण बाद. केळी पिकवायला कार्बाइड वापरण्यावर कायद्याने बंदी आहे, आणि त्याला पाणी लागलं की भडकणारा वायू निघतो. घरात कुठे पडलेलं दिसलं तर मुलांना त्याच्या जवळही जाऊ देऊ नका.

पानाच्या चुन्याबद्दल जास्त काळजी घ्या. चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना फुटून चुना डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजतं. असे अपघात लहान मुलांत नेहमी होतात. तसं झालंच तर डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याच्या सौम्य धारेखाली किमान १५ ते २० मिनिटं धुवायचा, चुन्याचे कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापडाने अलगद काढायचे आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. खालच्या कुठल्याच प्रयोगात चुना लागत नाही.

हळदीचा कागद

पुढे कामी येईल म्हणून हा पहिला. अर्धा चमचा हळद २० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये किंवा अल्कोहोलच्या सॅनिटायझरमध्ये ढवळा. हळदीतला रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून स्पिरिट. ते पेट घेतं, तेव्हा गॅस, दिवा, उदबत्ती लांब. दहा मिनिटांनी वरचं पिवळं पाणी निथळून घ्या, त्यात शाई टिपायच्या कागदाच्या पट्ट्या बुडवा आणि सावलीत वाळवा. उन्हात हळदीचा रंग उडतो.

पट्टीवर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला की ती तांबडी होते, लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी. मातीपरीक्षणाच्या अहवालात जो ‘सामू’ (pH, म्हणजे पदार्थ किती आम्ल किंवा अल्क आहे ते) लिहिलेला असतो, तेच हे मोजमाप. सामू साधारण साडेआठच्या पुढे गेला की हळद तांबूस व्हायला लागते. खायच्या सोड्याचं पाणी बरोबर या काठावर असतं, म्हणून त्याने पट्टी जेमतेम तपकिरी होते. पट्टी बिघडली असं समजू नका. पापडखार, साबण, विहिरीचं पाणी, ताक यांचे थेंब टाकून मुलांना तक्ता करू द्या. विकतच्या हळदीत रंग मिसळलेला असेल तर बदल नीट दिसत नाही. घरी दळलेलं हळकुंड उत्तम.

सोडा आणि व्हिनेगर, पण हिशेबाने

हा प्रयोग सगळे करतात, आणि बहुतेक जण नुसता फेस काढून सोडून देतात. यातली खरी गंमत प्रमाणात आहे. पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर आम्लता लिहिलेली असते, बहुधा ४ टक्के. म्हणजे ५० मिली व्हिनेगरमध्ये सुमारे २ ग्रॅम ॲसेटिक आम्ल. ते पूर्ण संपवायला सुमारे २.८ ग्रॅम खायचा सोडा लागतो आणि त्यातून जास्तीत जास्त पाऊण-एक लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो.

अर्ध्या लिटरच्या पाच सारख्या प्लास्टिक बाटल्यांत प्रत्येकी ५० मिली व्हिनेगर घ्या. पाच सारख्या फुग्यांत कागदाच्या नळकांड्याने १, २, ३, ४ आणि ५ ग्रॅम सोडा भरा. फुगे बाटल्यांच्या तोंडावर बसवून एकेक उभा करा. प्रत्येक फुग्याचा सर्वांत जाड ठिकाणचा घेर दोऱ्याने मोजून लिहा. पहिले तीन फुगे चढत्या क्रमाने मोठे होतील. ४ आणि ५ ग्रॅमचे तिसऱ्याएवढेच राहतील, जास्तीचा सोडा नुसता पाण्यात विरघळून उरेल. आम्ल संपलं, मग सोडा कितीही घाला.

फुगा बाटलीच्या तोंडाशी सैल असेल तर वायू निसटतो, त्यामुळे रबर लावा. फुगे आधी एकदा तोंडाने फुगवून सैल करून घ्या, नाहीतर पहिला फुगा ताठ असल्याने चुकीचा आकडा देतो. सोड्याऐवजी बेकिंग पावडर घेतली तर सगळाच हिशेब बिघडतो, कारण तिच्यात आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेले असतात. हे मिश्रण झाकण घट्ट लावून कधीही बंद करू नका.

केळं : स्टार्चची परीक्षा

मेडिकलमधून पोविडोन आयोडीनचं द्रावण आणा. एक भाग द्रावणात दहा भाग पाणी घालून कोऱ्या चहासारखा रंग करा. पोविडोन हासुद्धा एक पॉलिमर आहे आणि तो आयोडीनला धरून ठेवतो, त्यामुळे जखमेवर आग कमी होते.

एकाच फणीतली सहा कच्ची केळी घ्या. तीन एका पिकलेल्या केळ्यासोबत झाकणाच्या डब्यात ठेवा, तीन उघड्यावर वेगळ्या खोलीत. पहिल्या दिवसापासून एक दिवसाआड दोन्हीकडचं एकेक केळं आडवं कापा, कापलेल्या तोंडावर आयोडीनचे चार थेंब पसरवा आणि दोन मिनिटांनी पाहा. कच्च्या केळ्याचा काप निळा-काळा होतो. केळं जसं पिकत जातं तसे स्टार्चचे तुकडे होऊन साखर बनते आणि डाग फिकट, तुटक होत जातो. डब्यातली केळी आधी पिकतात, कारण पिकलेलं केळं स्वतःच इथिलीन सोडतं आणि डब्यात ते साठून राहतं. प्रत्येक कापाचा मोबाइलवर फोटो काढून तारीख टाका. आयोडीन लावलेलं केळं खायचं नाही, गुरांनाही घालायचं नाही.

इथे एक हमखास चूक होते. काप काळा पडू नये म्हणून कुणीतरी त्यावर लिंबू पिळतं. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवतं, मग कच्चं केळंसुद्धा पिकल्यासारखं दिसतं. या परीक्षेत लिंबू नको.

हाच आयोडीन आता कापसावर टाका. निळा रंग येत नाही, नुसता पिवळट डाग पडतो. स्टार्चची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते आणि आयोडीन त्या वेटोळ्यात बसतो. सेल्युलोजच्या साखळ्या सरळ आणि एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असल्याने त्याला जागाच नसते. हे नव्या सुती कापडावर करून पाहिलं आणि कापड निळं झालं तर घाबरू नका. त्याला खळ लावलेली आहे. दोनदा गरम पाण्यात धुऊन पुन्हा पाहा.

केळ्याचं प्लास्टिक

उन्हाळ्यात घराघरांत कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात. केळ्याचा स्टार्चही तसाच निघतो. चार कच्ची केळी सोलून लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात टाका (इथे लिंबू हवंच, नाहीतर सगळं तपकिरी होतं), किसून मिक्सरमध्ये अर्धा लिटर पाण्यासोबत फिरवा आणि दुहेरी सुती फडक्यातून गाळा. फडक्यातला चोथा पुन्हा पाव लिटर पाण्यात कुस्करून गाळा. गाळलेलं पाणी चार तास न हलवता ठेवा, वरचं पाणी अलगद ओता, तळाच्या पांढऱ्या थरात परत स्वच्छ पाणी घालून एकदा निवळू द्या. हे दुसरं धुणं टाळलं तर प्लास्टिक काळपट आणि चिकट होतं. उरलेला थर ताटात पसरून वाळवा. जळगावच्या एप्रिलमध्ये एका दिवसात वाळतो, पावसाळ्यात आंबट वास येऊन वाया जायची शक्यता मोठी. पिकलेली केळी यासाठी निरुपयोगी आहेत, त्यांत स्टार्च उरलेलाच नसतो. इतका खटाटोप नको असेल तर कॉर्नफ्लोअर घ्या. तो मक्याचा तयार स्टार्चच आहे.

आता पातळ पडदा करायचा. मूळ प्रमाण : स्टार्च १० ग्रॅम, पाणी ६० मिली, ग्लिसरीन ३ मिली, व्हिनेगर ५ मिली. ग्लिसरीन मेडिकलमध्ये मिळतं. सगळं थंडच एकत्र करा आणि गुठळी राहू देऊ नका. मग मंद आचेवर ठेवून सतत ढवळा. ६५ ते ७५ अंशांच्या आसपास दुधट पाणी एकदम दाटतं आणि अर्धपारदर्शक होतं. त्यानंतर आणखी दोन-तीन मिनिटं ढवळून उतरवा. हे काम मोठ्यांनी करावं. ही खळ अंगावर उडाली तर चिकटून राहते आणि पाण्यापेक्षा जास्त भाजते. तेलाचं बोट फिरवलेल्या सपाट स्टीलच्या ताटात दोन मिलिमीटर जाडीने पसरवा आणि वाळू द्या.

दाटताना काय होतं तेही मुलांना सांगा. स्टार्चचे दाणे पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि आतल्या साखळ्या मोकळ्या होऊन एकमेकींत गुंततात. पाणी उडून गेलं की हा गुंता पडद्यासारखा उरतो. ग्लिसरीनचे लहान रेणू साखळ्यांच्या मधे बसतात आणि त्यांना सरकायला जागा देतात. म्हणून खरा प्रयोग ग्लिसरीनचा : ०, २, ३ आणि ५ मिली अशा चार पट्ट्या करा, प्रत्येकीवर मार्करने आकडा लिहा. ० ची पट्टी काचेसारखी तडकते, ५ ची ढिली आणि बोटाला चिकट राहते.

बिघडतं कुठे, तर मुख्यतः वाळवण्यात. खान्देशच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की गच्चीवर ठेवलेल्या पडद्याचा वरचा थर आणि कडा तासाभरात सुकतात, आतला भाग ओला राहतो आणि सगळा पडदा वाकडा होऊन फाटतो. घरात सावलीत, वर पातळ सुती कापड टाकून एक-दोन दिवस वाळू द्या. कूलरचा झोत थेट येऊ देऊ नका. पडद्यात बुडबुडे दिसले तर आच मोठी होती. पांढरे ठिपके दिसले तर स्टार्च पूर्ण शिजला नाही. जुलैमध्ये केलेल्या पडद्यावर बुरशी येते. ती खरं तर चांगली खूण आहे, जंतू याला अन्न मानतात. एक तुकडा आणि एक कॅरिबॅगचा तुकडा ओल्या मातीच्या कुंडीत शेजारी शेजारी पुरा, महिन्याने काढून पाहा.

दुधाचं बटण

दुधातलं केसीन हे प्रथिनही लांब साखळ्यांचंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत केसीनपासून कडक प्लास्टिक करण्याचं पेटंट घेतलं गेलं आणि पुढे त्याची बटणं, कंगवे, पेनं बनली. तिथे कडकपणासाठी फॉर्मालिन (फॉर्माल्डिहाइडचं विषारी द्रावण) वापरत. घरात ते अजिबात आणायचं नाही, आणि म्हणून आपलं बटण पाण्यात मऊ पडतं, हेही आधीच सांगून ठेवा.

२५० मिली साय काढलेलं दूध घ्या. इथे बहुतेक घरांत म्हशीचं दूध असतं आणि त्यात स्निग्धांश भरपूर. साय न काढता केलं तर गोळा तेलकट होतो, चुरा पडतो आणि वाळल्यावर खवट वास येतो. दूध तापवून थंड करून फ्रिजमध्ये ठेवा, साय काढा, हे दोनदा करा. किंवा २५ ग्रॅम स्निग्धांशविरहित दुधाची पावडर २५० मिली पाण्यात विरघळवा.

दूध वाफ दिसेपर्यंत, साधारण ६० अंश, तापवा. उकळू देऊ नका. उकळत्या दुधात गुठळ्या बारीक आणि रबरी होतात आणि मळताना एकजीव होत नाहीत. गॅस बंद करून २० मिली व्हिनेगर थोडं थोडं घाला आणि हळू ढवळा. दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. तो ४.६ जवळ आला की केसीनच्या कणांवरचा विद्युतभार नाहीसा होतो, ते एकमेकांना दूर ढकलत नाहीत आणि गुठळ्या होतात. वरचं पाणी हिरवट-पिवळं आणि स्वच्छ दिसलं म्हणजे पुरे. अजून दुधट असेल तर आणखी ५ मिली व्हिनेगर. फडक्यात गाळा, थंड पाण्याखाली एकदा धुवा, नाहीतर राहिलेल्या साखरेला मुंग्या येतात. मग जमेल तितकं घट्ट पिळा.

गोळा दोन मिनिटं मळा आणि पेढ्याच्या साच्यात किंवा बाटलीच्या झाकणात दाबा. जाडी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. जाड तुकडा बाहेरून आधी सुकतो आणि मधून तडकतो. बटणाची भोकं ओलं असतानाच काडीने पाडा. सावलीत दोन ते चार दिवस, रोज एकदा उलटून. आकार बराच आटतो, तेव्हा ओलं आणि वाळलेलं बटण दोन्ही वेळा मोजा. २५० मिली दुधात केसीन साधारण ७ ग्रॅमच असतं, त्यामुळे एका वाटीतून डझनभर बटणं निघतील ही अपेक्षा ठेवू नका.

गोळ्याचा अर्धा भाग बाजूला ठेवून त्यात १ ग्रॅम खायचा सोडा आणि १० मिली कोमट पाणी घोटा. थोडा फेस येतो आणि मग चांगला चिकट डिंक होतो. कागद आणि पातळ लाकूड या डिंकाने पक्कं बसतं. तो दोन दिवसांत नासतो, तेवढाच करा.

गवार आणि टाकणखार

मुलांना ‘स्लाइम’ हवाच असतो. फेविकॉलचा सगळे करतात, पण गवारीचा जास्त शिकवतो. गवारीच्या बियांतला गवार गम बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. तो लांब साखळ्यांचा साखरेचाच पॉलिमर आहे.

आधी टाकणखाराचं पाणी : १०० मिली कोमट पाण्यात ४ ग्रॅम पूड पूर्ण विरघळवा. किराण्यात किंवा काष्ठौषधीच्या दुकानात दोन प्रकार मिळतात. एक साधा खडा आणि दुसरा भाजून फुलवलेला. फुलवलेल्यातलं पाणी उडालेलं असतं, म्हणून तो निम्माच, २ ग्रॅम घ्या. हा पदार्थ पोटात जाता कामा नये. घरात पापडखाराची पुडी असतेच आणि दोन्ही पांढऱ्या पुड्या सारख्या दिसतात, तेव्हा टाकणखारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा आणि तो स्वयंपाकघराबाहेर वर ठेवा. हाताला जखम असेल तर खेळायचं नाही, खेळून झालं की साबणाने हात धुवायचे, आणि घरात तोंडात वस्तू घालणारं लहान भावंडं असेल तर हा प्रयोग सोडूनच द्या.

१०० मिली पाणी जोरात ढवळत त्यावर १ ग्रॅम गवार गम चिमटीने भुरभुरवा. एकदम ओतला तर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या मग फुटत नाहीत. १५ मिनिटं ठेवा, पाणी दाट होईल. चिमूटभर हळद घाला. आता सिरिंजने ५ मिली टाकणखाराचं पाणी घालून ढवळा. मिनिटभरात सगळं एका लिबलिबीत गोळ्यात जमतं आणि हळद तांबूस होते. टाकणखारातून आलेले बोरेटचे आयन (विद्युतभार असलेले कण) दोन साखळ्यांना मधून बांधतात, असे हजारो सांधे तयार होतात. सांधे कच्चे असतात, तुटतात आणि लगेच दुसरीकडे जुळतात. म्हणून गोळा हळू ओढला तर वाहतो, झटका दिला तर तुटतो.

त्यात लिंबाचा रस २-३ मिली घालून कालवा. गोळा पातळ होतो, हळद पिवळी होते. सामू खाली आल्याने बोरेट उरत नाही, सांधे सुटतात. आता धुण्याच्या सोड्याचं दाट पाणी थेंब थेंब घाला, चमच्यानेच ढवळा. हळद तांबडी व्हायला लागली की गोळा पुन्हा जमतो. पहिल्या प्रयोगातली हळदीची पट्टी इथे कशी उपयोगी पडते ते मुलं स्वतःच ओळखतात.

फेविकॉलचा करायचाच असेल तर ५० मिली डिंक, ५० मिली पाणी आणि टाकणखाराचं पाणी एका वेळी २ मिली, एकूण १० ते २० मिली. एकदम घातलं तर बाहेर कडक रबर आणि आत पातळ डिंक राहतो. डिंक पातळ न करता घेतला तर गोळा तुटका होतो.

डायपर आणि बोअरचं पाणी

नवा डायपर वर्तमानपत्रावर फाडून कापूस पिशवीत झटका, तळाशी पांढरे दाणे जमतील. हे सोडियम पॉलिॲक्रिलेट, पाणी शोषून धरणारा पॉलिमर. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला रुमाल बांधा. तीन ग्लासांत प्रत्येकी सपाट पाव चमचा दाणे घाला. एकात आरओचं पाणी २०० मिली, दुसऱ्यात बोअरचं, तिसऱ्यात १०० मिलीला एक चमचा मीठ या प्रमाणात मिठाचं पाणी २०० मिली. दहा मिनिटांनी फडक्यातून गाळा आणि गळून आलेलं पाणी मोजा.

आरओचं पाणी जवळजवळ सगळं जेलमध्ये अडकतं, बोअरचं कमी, मिठाचं सर्वांत कमी. दाण्यांच्या आत सोडियमचे आयन दाटलेले असतात, म्हणून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. बाहेरच क्षार असतील तर ही ओढ कमी होते. शिवाय जड पाण्यातलं कॅल्शियम साखळ्यांना आवळून धरतं. गावातल्या दोन-तीन बोअर, विहिरी आणि नळाचं पाणी आणून मुलांना तुलना करू द्या, मग त्याच पाण्यात अंगाचा साबण किती फेसतो ते पाहा, दोन्ही याद्या बहुतेक जुळतील. पाणी धरून ठेवणारं याच प्रकारचं जेल शेतीसाठीही बनतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेलं पुसा हायड्रोजेल त्यातलंच. डायपरचं जेल मात्र शेतात किंवा मोरीत टाकू नका. मोरी तुंबते. मीठ घालून आकसवा आणि सुक्या कचऱ्यात द्या.

कोणतं तरंगतं?

ठिबकच्या लॅटरलचा (काळ्या नळीचा) तुकडा, पीव्हीसी पाइपाचा तुकडा, दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, तिचं झाकण, जळगावच्या चटईची पट्टी आणि दह्याचा ठिसूळ कप. सगळ्यांचे नखाएवढे तुकडे करा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून तुकडे चमच्याने बुडवा. साबण नसेल तर चिकटलेले हवेचे बुडबुडे जड तुकडाही वर ठेवतात आणि निकाल खोटा येतो.

लॅटरल, पिशवी, झाकण, चटई तरंगतात. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकी. बाटली आणि पीव्हीसी बुडतात. दह्याचा कप पॉलिस्टायरीनचा असेल तर तोही बुडतो, पण १०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवलं की वर येतो, बाटली आणि पीव्हीसी तेव्हाही तळाशीच. भंगार वेगळं करणाऱ्या कारखान्यांत ही युक्ती रोज वापरतात. चटईची पट्टी बुडाली तर तिच्यात खडूची भुकटी जास्त मिसळलेली असणार.

उन्हाळी सुटीत याला जोडून आणखी एक : दुधाच्या पिशवीच्या आणि लॅटरलच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या गच्चीवर उन्हात बांधा, तशाच दोन कपाटात ठेवा. दर पंधरवड्याला ओढून, दुमडून पाहा आणि वहीत लिहा. लॅटरलमध्ये दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते. अतिनील किरण ती शोषून घेते, त्यामुळे साखळ्या लवकर तुटत नाहीत. दुधाच्या पिशवीला हे काजळीचं कवच नसतं.

उरलेल्या साहित्याचं असं करा : व्हिनेगर-सोड्याचं पाणी आणि लिंबू-हळद मोरीत चालतं. केळ्याचा चोथा आणि आयोडीन न लागलेले तुकडे खतखड्ड्यात. आयोडीन लागलेलं, टाकणखाराचे गोळे आणि डायपरचं जेल पिशवीत बांधून कचऱ्यात, झाडांच्या बुंध्याशी नाही. बोरॉन थोडंही जास्त झालं की पानांच्या कडा करपतात.